चिमाबाईंनीं विमान अडविलें त्याची हकीकत

श्री. आकाशीं गेलेले जीव ज्याच्या कृपेनें भुईवर उतरतात त्या देवास प्रथम नमन, आणि त्याच्या बरोबरीनें चिमाबाई तपासणीस यांस नमन. शके एकोणीसशें चाळीस, विलंबी नाम संवत्सर, माघमासीं जें वर्तमान घडलें तें, विमान उडविणें हाच ज्याचा हुद्दा ऐशा प्रस्तुत लेखकानें स्वतः पाहिलें तैसें लिहिलें आहे.

राज्यांत तेसमयीं विमानांचे दोन कारखाने होते. एक नदीअलीकडे, सर्जेराव धनी यांचा, तेथें आम्ही चाकर, दुसरा नदीपलीकडे. उभयतां धनवंतांकरितां खासगी विमानें बांधीत, आणि सर्वांत वेगवान विमान कोणाचें या चिंतेनें उभयतांस अन्न गोड लागेना. ध्वनीचा वेग शंभर धरिला तर पलीकडील विमान त्र्याण्णवास पोहोचलें ऐसी बातमी आली, आणि मग धन्यांनीं दरबार भरवून आज्ञा केली कीं आपले चौऱ्याण्णव झालेच पाहिजेत. वास्तविक ऐशा विमानांतून जाणारे लोक मुक्कामीं आधीं पोहोचत आणि न्यावयाची मोटार आली नाहीं म्हणोन उन्हांत उभे राहात. परंतु हें धन्यांस सांगेल कोण? मग वजन उतरविण्याची मसलत जाहली. गालिचा गेला, चहाची किटली गेली, आणि परीक्षेच्या उड्डाणांत धनी जातीनें बसणार म्हणोन त्यांणीं आठ दिवस भात सोडिला. मग कोणी सुचविलें कीं रंगासही वजन असतें, तो खरवडून धातू घासावा. घासणारे मोठे हौशी. त्यांणीं बाहेरील अंग आरशासारखें केलें, आणि त्याच भरांत शेपटाच्या पोटांत शिरून बोल्टांवरील लाल रेघाही पुसोन काढिल्या. या रेघांची चाल ऐसी कीं बोल्ट आवळला म्हणजे त्यावरून पत्र्यापर्यंत एक लाल रेघ ओढावी. पुढें बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

माघ शुद्ध पंचमीस सकाळीं नऊचा मुहूर्त. सनई लागली, धनी नवी पगडी घालोन आले, आणि चिमाबाई बॅटरी घेऊन शेपटांत गेल्या त्या हात झाडीत बाहेर आल्या. त्यांची सही झाल्यावांचून विमान हलूं नये हा कारखान्याचा कायदा.

"साहेब, रेघा कुठं गेल्या?"

"घासल्या," धनी म्हणाले. "कैसें चकचकीत जाहलें पाहा."

"चकचकीत आहे की. पण कुठला बोल्ट फिरलाय ते आता मला कसं कळायचं? दोनशे चाळीस बोल्ट आहेत. एकेकाला पाना लावून बघते, मग सही. उद्या सांजेपर्यंत होईल."

इतक्यांत वर्तमान आलें कीं पलीकडचे आजच दुपारीं चौऱ्याण्णवाकरितां उडणार. धन्यांचा चेहरा लाल जाहला. आणि येथें लेखकाची चूक लिहिणें भाग आहे. आम्ही पुढें होऊन म्हणालों, "बाई, उडविणार मी. मला भय नाहीं, आणि तुम्हांस कां?"

त्या म्हणाल्या, "तुम्हाला भीती नाही, म्हणून तर मला बघावं लागतं."

मग धनी गरजले, "सही करा, नाहीं तर उद्यांपासून येऊं नका."

"बरं," बाई म्हणाल्या, "मग आज तरी बघूनच जाते." आणि पाना घेऊन पुन्हां आंत गेल्या.

दुपारीं पलीकडे तोफा वाजल्या. चौऱ्याण्णव त्यांणीं गांठले. आमचेकडे सनईवाले जेवावयास गेले, आणि आम्ही मनांतल्या मनांत बाईंस नाहीं नाहीं तें बोललों. चारचे सुमारास त्यांणीं आंतून हांक मारिली. शेपूट ज्या बिजागरीवर हलतें तेथील बोल्ट त्यांणीं पान्यावांचून, दोन बोटांनीं फिरवून दाखविला. तो गळला असतां शेपूट ताब्यांत राहिलें नसतें, आणि आम्हांस व धन्यांस दोघांसही शेतांतून वेंचावें लागलें असतें. धनी शिडीच्या पायरीवर बसले, मग पगडी काढोन म्हणाले, "बाई, उद्यां या. रोज या." ऐसा धनी, रागीट खरा परंतु चूक कळली तर लपविणारा नव्हे, हेंही आमचें भाग्य.

मग रेघा पुन्हां ओढिल्या आणि सप्तमीस आम्ही उडालों. चौऱ्याण्णव जाहले, कोणी तोफ डागिली नाहीं, आणि आम्ही घरीं येऊन लेकीच्या ताटांतलें वांगें खाल्लें.

एकूण हिशेब इतकाच: पलीकडील पराक्रम नऊ महिने टिकला, मग नव्यानें निघालेल्या तिसऱ्या कारखान्यानें तो मोडिला, आणि आतां पहिला कोण होता हें कोणी पुसत नाहीं. चिमाबाई गतवर्षीं निवृत्त जाहल्या. निरोपसभेंत आम्ही बोलावयास उभे राहिलों, बाईंस नुसता हार घातला, आणि बसलों. जें राहिलें तें येथें लिहितों: बाई, त्या दिवशीं तुमच्यावर सगळ्यांत आधीं मी रागावलों, आणि तुम्हीं मला घरीं पाठविलें. तुमचे फार उपकार जाहले.