आबा वर गेले त्याची गोष्ट

“भौतिकशास्त्र? हात्तिच्या! तुला पास करून दाखवलं नाही ना, तर नाव लावणार नाही!”

माईंनी भर जेवणात ही घोषणा केली, तेव्हा सूनबाईच्या घशात घास अडकला. आबांनी मात्र शांतपणे आणखी एक पाव घेतला. माईंच्या घोषणांच्या वेळी काहीतरी खात राहावं, हे ते संसारात फार लवकर शिकले होते.

माईंची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. इकडची तार तिकडे खुपसून त्यांनी निम्म्या गावाला उरलेल्या निम्म्या गावाशी बोलतं केलं. त्यामुळे जगात न जुळणारी गोष्टच नसते, फक्त तार कुठे खुपसायची ते कळलं पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. आबा बेकरीवाले. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, तरी डोळे पहाटेच उघडायचे आणि त्याची भरपाई दुपारी व्हायची. जेवले की दिवाणखान्यातल्या चाकांच्या दिवाणावर आडवे! मग कानाशी बँड वाजवा, नाहीतर तोफ डागा.

आणि सूनबाई? तिचा नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यात. ती एका रुग्णालयात मदतनीस होती. चादरी बदल, रुग्णांना भरव, त्यांना कूस बदलून दे. काम जीव ओतून करायची, पण तिला व्हायचं होतं परिचारिका. त्यासाठी प्रवेशपरीक्षा, आणि परीक्षेत भौतिकशास्त्र! दोनदा तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली होती. यंदा वयाच्या अटीत बसण्याची शेवटची संधी होती. यंदा हुकलं तर आयुष्यभर चादरीच.

“माई, सूत्रं पाठ आहेत हो,” ती रडवेल्या आवाजात म्हणाली, “पण बारीकशा नळीतल्या ओंजळभर पाण्यानं मोठं वजन उचललं जातं म्हणे! मला नाही पटत. आणि जे पटत नाही, ते पेपर हातात आला की डोक्यातून उडून जातं.”

“मग पटवून देऊ! पण आधी मी शिकते.”

आणि माई खरंच शिकल्या! डोळ्यांवर चष्मा, हातात सूनबाईचं पुस्तक, ओठांवर पुटपुट. आठवड्याभरात घरात साधं बोलणंच बंद झालं. दूध उतू गेलं तर ‘दाब’, कपाटाचं दार अडकलं तर ‘घर्षण’. आबा खुर्चीतून उठले नाहीत तर ‘जडत्व’! जडत्वाचा प्रयोग म्हणून कपबश्यांखालचा टेबलक्लॉथ झटक्यात ओढून झाला. पुस्तकात कप जागच्या जागी राहिले होते. घरात फक्त कपांचे कान जागच्या जागी राहिले.

“प्रयोग थोडक्यात चुकला,” माई म्हणाल्या. “पण तुला समजलं ना?”

“हो,” सूनबाई कान गोळा करत म्हणाली. आणि गंमत म्हणजे, तिला खरोखरच समजलं होतं! त्या दिवसापासून जडत्वाचं एकही गणित तिचं चुकलं नाही. मग काय, माईंना आणखी चार हत्तींचं बळ आलं.

राहता राहिला द्रवाचा दाब.

परीक्षा दोन दिवसांवर आली, तशी माईंनी दुपारी तयारी केली. शेकायची रबरी पिशवी घेतली. तिच्या तोंडात बेकरीतल्या तेलाच्या डब्यांची लांब बारीक नळी घट्ट बसवली, वरून तारेनं आवळली. नळीचं दुसरं टोक माळ्याच्या जिन्यावर नेऊन त्यात नरसाळं खोचलं. पिशवीवर फळी, फळीवर पुस्तकांचा ढीग. जिन्यावरून माईंनी तांब्यानं पाणी ओतलं आणि ढीग अलगद वर उठला.

“उचललं!” माई ओरडल्या.

“उचललं खरं,” सूनबाई मान तिरकी करत म्हणाली, “पण पुस्तकं काय, मीही उचलते.”

हा वार माईंच्या वर्मी लागला. वजन हवं होतं. भरभक्कम, शंका घ्यायला जागाच न ठेवणारं वजन! त्यांनी दिवाणखान्यात नजर फिरवली. कपाट भिंतीत ठोकलेलं. शिवणयंत्र नाजूक. आणि मग त्यांची नजर दिवाणावर स्थिरावली. दिवाणावर पांढरी चादर पांघरून आबा घोरत होते. श्वासागणिक पोट असं वरखाली होत होतं, की जणू भट्टीत पाव फुगतोय!

“माई, नको!” सूनबाईनं ओळखलं.

“अगं, बोटभर वर उचलायचे आणि परत ठेवायचे. त्यांना कळणारसुद्धा नाही!”

“आणि दिवाण घसरला तर?”

“घसरतोय कशाला? चाकांखाली पाचरी आहेत की!”

पाचरी होत्या, ही गोष्ट खरी. त्या कायमच्याच असायच्या, कारण हा दिवाणखाना म्हणजे पूर्वीची बेकरी. धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून फरशीला रस्त्याच्या दिशेनं उतार दिलेला. पुढे रुंद दुहेरी दार आणि दारापासून रस्त्यापर्यंत पावाच्या गाड्यांसाठी बांधलेला आणखी एक उतार. पाचरी फक्त उशाकडच्या दोन चाकांखाली होत्या. आणि माईंनी जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या रचून त्यांच्यावर पिशवी बसवली, तीही नेमकी उशाखालीच! हवा यावी म्हणून दार सताड उघडं होतं, हे वेगळं सांगायला नकोच.

माई जिन्यावर चढल्या. एक तांब्या. काही नाही. दुसरा तांब्या. दिवाण कुरकुरला. तिसरा ओतला आणि दिवाणाचं उसं, त्यावरची उशी, उशीवरचे आबा, सगळं सावकाश, एखाद्या गलबतासारखं, वर यायला लागलं!

सूनबाई गुडघ्यांवर बसून बघत होती. तिचे डोळे विस्फारले. “माई! वर येतायत! एवढुश्या नळीतलं पाणी... म्हणजे नळी केवढी जाड, याला महत्त्वच नाही! उंची! उंचीनं दाब येतो! आणि पिशवीचं क्षेत्रफळ मोठं म्हणून बल मोठं! अहो, पटलं मला! पटलं!” आणि तिनं लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या.

माईंना आनंद आवरेना. जिन्याशेजारच्या खिडकीतून पलीकडच्या शिंपीणबाई दिसत होत्या, त्यांना माईंनी तिथूनच हाक मारली, “अहो, ऐकलंत का! आबा वर गेले!”

शिंपीणबाईंच्या हातातली कात्री गळून पडली. “काय सांगता! कधी?”

“आत्ताच! माझ्या डोळ्यांदेखत! इतके अलगद गेले म्हणून सांगू! या ना, बघायला या!”

“आणि... आणि सूनबाई?”

“ती टाळ्या वाजवतेय!”

शिंपीणबाई मटकन खाली बसल्या.

इकडे माईंनी आनंदाच्या भरात चौथा तांब्या रिता केला. उसं आणखी वर गेलं, उशाकडची चाकं पाचरींपासून पुरती सुटली, आणि पायाकडच्या चाकांना तर कधीच कुणी पाचर लावली नव्हती. दिवाण क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला. मग पुढे सरकला. उसं पिशवीवरून निसटून धाडकन जमिनीवर आलं, नळी निसटून सापासारखी फणा काढून उठली आणि पाण्याची चिळकांडी थेट माईंच्या चष्म्यावर!

“माई, दिवाण चालला!”

“धर! घर्षण वाढव!”

सूनबाईनं झेप घेतली. तिच्या हाती आबांचा एक मोजा लागला. मोजा घरात राहिला, आबा दाराबाहेर!

उतारावर दिवाणाला असा काही वेग आला, की मागून धावणाऱ्या माईंना पुस्तकातलं त्वरणाचं पान जसंच्या तसं दिसलं. “थांबवा हो! गेले! हातातून गेले!” त्या ओरडत होत्या.

रस्त्यावरच्या लोकांनी काय पाहिलं? पांढरी चादर डोक्यापासून पायापर्यंत ओढलेला माणूस, मागे भिजलेल्या डोळ्यांची बायको, हातात मोजा घेतलेली सून आणि त्यांच्याही मागे हुंदके देत येणाऱ्या शिंपीणबाई. सायकलवाला खाली उतरून उभा राहिला. त्यानं आणि आणखी दोघांनी टोप्या काढल्या. फळवाल्यानं जड मनानं गाडी बाजूला घेतली, आणि दिवाणाला रस्ता मोकळा झाला!

समोर होतं केशकर्तनालय. आत मोठे आरसे, बाहेर काचेचं दार. न्हावी पायरीवर वर्तमानपत्र वाचत बसला होता. गडी मोठा प्रसंगावधानी! त्यानं आत बसलेल्या मिशीवाल्या गिऱ्हाइकासह खुर्ची मागे सारली, वळकटी केलेली जुनी गादी उचलून उंबऱ्यापुढे टाकली, दार लोटून घेतलं आणि स्वतः दाराला पाठ टेकवून उभा राहिला.

धप्प!

दिवाण थांबला. आबांना कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. ते चादरीसकट पुढे घसरले आणि गादीवर जाऊन व्यवस्थित बसले.

“जडत्व!” सूनबाईच्या तोंडून निसटलं.

चादरीतून आबांचं डोकं बाहेर आलं. शिंपीणबाईंनी किंकाळी फोडली. सायकलवाल्यानं घाईघाईनं टोपी परत घातली. न्हावी कंबर चोळत आबांकडे वाकला आणि धंद्याच्या सवयीनं म्हणाला, “बसा आबा. दाढी की केस?”

गल्लीभर ज्यांचा आवाज पुरायचा, त्या माई रस्त्यातच बसकण मारून रडायला लागल्या. आबांचे हात, पाय, डोकं चाचपून बघत राहिल्या. मग न्हाव्याचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही नसता तर...”

“काही नाही हो माई,” न्हावी म्हणाला. “पाठ टेकून उभं राहायचं, एवढंच तर केलं.”

पुढचे दोन दिवस आबांनी न्हाव्यासाठी जुन्या भट्टीत केक भाजले. शिंपीणबाईंनाही पाठवला. त्यांनी घेतला, पण आबांकडे जरा लांबूनच बघत.

परीक्षेत द्रवाच्या दाबाचा प्रश्न आला. आलाच! सूनबाईनं डोळे मिटले. सूत्र नाही दिसलं. दिसली वर येणारी उशी. मग लेखणी जी सुटली, ती घंटा झाल्यावरच थांबली. निकाल लागला त्या दिवशी तिनं आधी जहाजावर नवऱ्याला कळवलं, मग घरी येऊन माईंच्या गळ्यात पडली.

“माई, मला कुणीच असं शिकवलं नव्हतं. माझ्यासाठी आजवर कुणी पुस्तकच हातात घेतलं नव्हतं.”

माई एवढंच म्हणाल्या, “अगं, मलाच तर मजा आली,” आणि पदरानं चष्मा पुसत बसल्या.

आबा बाजूला बसून केकचा तुकडा संपवत होते. ते हळूच म्हणाले, “उशी वर जायला लागली ना, तेव्हाच मला जाग आली होती.”

दोघी चमकल्या. “अहो, मग हललात का नाही? ओरडला का नाहीत?”

“पोरगी टाळ्या वाजवत होती,” आबा म्हणाले. “‘पटलं, पटलं’ म्हणत होती. म्हटलं, आपण हललो तर तिला पटलेलं निसटून जाईल. पडून राहिलो.”

सूनबाईनं आबांचा हात घट्ट धरला. माईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत विचारलं, “आणि दाराबाहेर गेल्यावरही? तेव्हाही तिच्यासाठीच गप्प राहिलात?”

“छे गं,” आबा म्हणाले. “तेव्हा जीव खाऊन ओरडत होतो. पण चादर तोंडात गेली होती!”