कुरणातला मुख्य रस्ता

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रादेशिक नियोजन कार्यालयाच्या नकाशावर एक मुख्य रस्ता तयार झाला. जमिनीवर त्या जागी कुरण होतं, कुरणात मेंढरं होती, आणि रस्ता नव्हता.

हा रस्ता ज्याच्या हातून झाला त्याला कार्यालयात सगळे रेघोबा म्हणत. उपग्रहाने टिपलेली छायाचित्रं पडद्यावर मोठी करायची आणि त्यात दिसेल त्या रस्त्यावर रेघ ओढायची, हे त्याचं काम. महामार्ग असो, गल्ली असो, नाहीतर कुणाच्या गोठ्याकडे जाणारी पायवाट असो, रेघोबाच्या नजरेतून काही सुटत नसे. "आपल्या रेघेवर डोळे मिटून गाडी घालावी!" असं तो छाती काढून सांगे, आणि खरं म्हणजे त्यात खोटं काही नव्हतं. मंगळवारपर्यंत.

त्याच खोलीत, कपाटांच्या पलीकडे, त्याचे साडू बसत. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. रेघोबाची थोरली, साडूंची धाकटी. साडूंचं काम रंग भरण्याचं. कुठे घरं व्हावीत, कुठे बाजार, कुठे शेती राहावी, हे ते नकाशावर रंगांनी दाखवत. म्हणून ते रंगराव. एकाच खोलीतल्या दोन माणसांना टोपणनावं देताना एकाला 'बा' आणि दुसऱ्याला 'राव' मिळावं, पहिली ठिणगी तिथेच पडली होती.

वास्तविक रंग ठरतो तो रस्त्यावरून. मोठा रस्ता जवळ असेल तर जमिनीला बाजाराचा नारिंगी, नसेल तर कुरणाचा हिरवा. "आधी रेघ, मग रंग!" रेघोबा ज्याला त्याला समजावून सांगे. पण टाळ्या पडायच्या रंगाला. इमारत बघायला आलेला माणूस आतल्या सळयांचं कौतुक करत नाही, तसंच हे.

सासूबाईंनी तर कळस केला होता. धाकट्या जावयाचा रंगीत नकाशा त्यांनी चौकट करून बाहेरच्या खोलीत लावला होता. थोरल्याने दिलेला रस्त्यांचा नकाशाही जपून ठेवला होता, नाही असं नाही. स्वयंपाकघरातल्या फडताळात, डब्यांखाली.

"कागद जाड आहे हो तुमचा, थोरले! तेल सांडलं तरी खाली उतरत नाही!"

हे सगळं रेघोबाने गिळलं असतं. पण आता प्रमुख नकाशा अधिकाऱ्यांची खुर्ची रिकामी होणार होती, नव्या आराखड्याचं सादरीकरण झालं की कार्यालयाच्या संचालक मॅडम त्या खुर्चीवर कुणाला बसवायचं ते ठरवणार होत्या, आणि उमेदवार दोनच होते. एक बा, एक राव.

अशात रविवारी सासूबाईंकडे जेवताना रंगराव सहज म्हणाले, "रंग भरण्याआधी मी एकेक रस्ता स्वतः तपासून घेतो."

"ऐकलंत? केवढे कष्ट!" सासूबाईंनी त्यांना वाढता वाढता थोरल्याकडे पाहिलं.

रेघोबाने हातातला घास ताटात परत ठेवला. एकेक रस्ता तपासतो? हा? ज्याला चौक आणि तिठा यांतला फरक मी शिकवला, तो?

घरी परतताना रेघोबाचा बेत ठरला. नकाशे करणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. आपल्या नकाशात एक नसलेली गल्ली हळूच काढून ठेवायची. ती दुसऱ्याच्या नकाशात दिसली की समजायचं, याने न बघता उचललं. टेकडीमागच्या कुरणात एक बोटभर, दोन्ही टोकं बंद असलेली गल्ली काढायची. रंगरावांच्या आराखड्यात ती आली, की भर सभेत उठून अगदी गोड आवाजात विचारायचं, "साडूबुवा, ही गल्ली कुठली हो? तुम्ही स्वतः तपासलीत ना?" बस्स! खुर्ची आपली!

म्हणून मंगळवारी सकाळी रेघोबाने कुरणावर रेघ ओढायला घेतली, आणि नेमका फोन वाजला. सासूबाई!

"थोरले, धाकटे जावई आहेत का तिथे? त्यांचा फोन लागत नाहीये."

"मी कामात आहे."

"तुम्ही असाल हो. ते आहेत का?"

रेघोबाने दात-ओठ खात माउसवर दोनदा टिचकी मारली आणि रेघ संपवली. एरवी त्याने ती निरखून पाहिली असती. रेघेचं टोक जवळच्या रस्त्याला आपोआप चिकटावं अशी सोय संगणकात असते, आणि किती लांबून चिकटावं ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं. चौक जोडायचा त्रास वाचावा म्हणून रेघोबाने ते अंतर सढळ हाताने ठेवलं होतं. त्यामुळे गल्लीचं एक टोक उत्तरेच्या महामार्गाला जाऊन चिकटलं आणि दुसरं दक्षिणेच्या. बरं, गल्ली तरी राहावी? आदल्या रेघेची वर्गवारी तशीच राहिली होती. ती होती 'मुख्य रस्ता'.

"आहेत," रेघोबा फोनवर म्हणाला, "चहा पिताहेत."

"पिऊ द्या, पिऊ द्या! दमतात फार. मग करते मी."

रेघोबाने रागारागात 'जतन करा' दाबलं. संध्याकाळी रोजच्यासारखी नवी माहिती रंगरावांच्या संगणकात गेली, आणि रस्ता दाखवणाऱ्या फोनवरच्या सार्वजनिक नकाशातही गेली.

शुक्रवारी सादरीकरण झालं. रेघोबा पहिल्या रांगेत बसला होता. घोटून घोटून प्रश्न इतका गोड केला होता की जिभेला मुंग्या लागाव्यात. दिवे मंद झाले, पडद्यावर आराखडा आला, आणि रेघोबा खुर्चीतून पुढे झुकला.

कुरण नारिंगी झालं होतं! नुसतं नारिंगी नव्हे; दोन महामार्गांच्या मधोमध फणा काढल्यासारखा जाडजूड पट्टा!

"ही या आराखड्यातली मुख्य गोष्ट," रंगराव सांगत होते. "वाहतुकीचं गणित मांडलं तर सगळी वाहनं याच रस्त्याने जाताना दिसतात. दोन महामार्गांना जोडणारा एवढा जवळचा रस्ता आजवर आपल्या लक्षातच आला नव्हता! म्हणून इथे बाजार, इथे बसस्थानक, इथे रुग्णालय आणि ही घरं."

मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "वा! मी इतकी वर्षं हा भाग बघतेय. कुणाला सुचलं नाही! रंगराव, तुम्ही जादूगार आहात!"

टाळ्या पडल्या. जोरात, लांबलचक, मागच्या रांगेपर्यंत.

आता रेघोबाने काय करावं? रस्ता खोटा आहे म्हणावं, तर खोटा काढला कुणी हे सांगावं लागणार. गप्प बसावं, तर खुर्ची गेली. शहाणा माणूस गप्प बसला असता. पण आपल्या रेघेवर दुसऱ्याने टाळ्या घ्याव्यात? तीही अशी रेघ, जी जगात आपल्याशिवाय कुणी काढलीच नसती? रेघोबा ताडकन उठला.

"तो रस्ता माझा आहे! मी शोधलाय!"

सगळ्यांच्या माना वळल्या. रंगरावांचा चेहरा मात्र उजळला.

"तेच सांगणार होतो मी! मॅडम, सगळं श्रेय दादांचं. मी हा रस्ता तपासायला गेलो, पण मला छायाचित्रात तो दिसेचना! म्हटलं, दादांना दिसलाय म्हणजे असणारच. आपली नजर कच्ची! त्यांच्या रेघेवर डोळे मिटून गाडी घालावी!"

पुन्हा टाळ्या. या वेळी रेघोबासाठी. आणि त्याच्या कपाळावर घाम.

"मग उद्याच जाऊन बघू या," मॅडम म्हणाल्या. "रेघोबा, तुम्ही पुढे बसा. रस्ता तुम्हीच दाखवा."

घरी पाऊल टाकतो तर बायको दारातच उभी.

"अहो, ऐकलं मी! धाकटीचा फोन आला होता. आईला पण सांगितलं. ती तुमच्याशी बोलायचं म्हणतेय!"

"माझ्याशी? नक्की माझ्याशी?"

रेघोबाने फोन कानाला लावला.

"थोरले," सासूबाई म्हणाल्या, "तो डब्यांखालचा नकाशा काढून पुसून घेतलाय मी. चौकट करायला टाकू म्हणते."

बायकोला सगळं खरं सांगायचं त्याने रस्त्यात ठरवलं होतं. ते त्याने पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकलं.

शनिवारी जीप निघाली. पुढे रेघोबा, मागे मॅडम आणि रंगराव. आपली नोकरी राहते की जाते, एवढंच रेघोबाच्या डोक्यात घोळत होतं. टेकडी आली. चालकाचा फोन बोलला, "पाचशे मीटरवर डावीकडे, मुख्य रस्त्यावर वळा."

"साहेब, इथे वळू?" चालकाने विचारलं.

रेघोबाने डोळे गच्च मिटले. "वळा."

जीप वळली. हादरे बसायला लागले. पण थांबली नाही! रेघोबाने एक डोळा उघडला, मग दुसरा. समोर रस्ता होता! म्हणजे रस्ता कसला, चाकांनी गवत तुडवून केलेल्या दोन चाकोऱ्या; पण त्यांवरून मालमोटारी धुरळा उडवत चालल्या होत्या, गाड्या हॉर्न वाजवत होत्या, आणि एक लांबलचक बस कुरणाच्या मध्यावर रुतून बसली होती. प्रत्येक चालकाच्या समोर फोन, आणि प्रत्येक फोन सांगत होता, सरळ जा!

बसच्या पुढ्यात काठी आडवी धरून एक बाई उभी होती. मागे तिची मेंढरं कापसाच्या गाठोड्यासारखी एकमेकांना चिकटलेली.

"आणखी एक आली!" जीपकडे बघून ती ओरडली. "तुम्हालाही फोननेच पाठवलं ना?"

"हा रस्ता किती जुना आहे, बाई?" मॅडमनी खाली उतरत विचारलं.

"जुना? मंगळवारपर्यंत इथे गवत होतं! बुधवारी सकाळी बघते तर पहिली मालमोटार दारात! मेंढरं तीन दिवस धड चरली नाहीत. कुणी काढला हा रस्ता? एकदा दाखवा मला तो माणूस!"

रेघोबा जीपच्या मागे सरकायला लागला. पण रंगरावांनी त्याचा दंड धरून प्रेमाने पुढे ओढलं.

"हे काय! आमचे दादा! यांनीच!"

बाईने रेघोबाला नखशिखान्त न्याहाळलं. मग हातातली काठी त्याच्या हातात खुपसली.

"मग उभे राहा इथे! वळवा सगळ्यांना माघारी! मी जरा पाणी पिऊन येते."

रेघोबाने काठी वर केली. उत्तरेकडून आलेला चालक ओरडला, दक्षिणेकडचा त्याहून मोठ्याने ओरडला. रेघोबाने एकाला मागे घेतलं तर तो दुसऱ्या रुतलेल्या गाडीला टेकला. "अहो काका, रस्ता तरी ठरवा!" बसमधून कुणीतरी टोला हाणला. शेवटी रंगरावांनी बाह्या सरसावल्या. चार चालकांना गोळा केलं, चाकांखाली दगड सरकवले, बस काढली, गाड्यांना एकेक करून वाट दिली. चालकांनी जाता जाता त्यांच्या पाठीवर थाप मारली. पाणी पिऊन आलेल्या बाईने "जरा धरा हो याला" म्हणत एक कोकरू त्यांच्या हातात दिलं, आणि ते कोकरू तिथेच झोपी गेलं.

धुळीने माखलेल्या रेघोबाने ते पाहिलं. कोकरूसुद्धा!

मॅडम मात्र रेघोबाकडे बघत होत्या. "रेघोबा, एक सांगा. आधी रस्ता झाला, की आधी रेघ?"

"मॅडम, म्हणजे... गरज आधीपासून होतीच..."

"मंगळवारी सकाळी ही रेघ तुम्ही कशावरून ओढलीत?"

रेघोबा काठीच्या टोकाने धुळीत रेघ ओढायला लागला.

"दूरदृष्टी, मॅडम!" रंगराव कोकराला थोपटत म्हणाले. ते मनापासून बोलत होते, हीच तर रेघोबाची खरी पंचाईत होती.

सोमवारी दोन हुकूम निघाले. आराखडा लोकांसमोर मांडून झालेला असल्यामुळे समितीच्या निर्णयाशिवाय त्यातली एकही रेघ पुसता येणार नाही. आणि तोवर कुरणातली वाहनं माघारी वळवण्यासाठी, रस्ता ज्याने काढला त्यानेच तिथे लाल निशाण घेऊन हजर राहावं. खुर्चीचा विचार समितीच्या निर्णयानंतर.

पहिल्या दिवशी दुपारी दगडावर बसून रेघोबाने बायकोला फोन केला.

"आई काय म्हणतात?"

"तिला वाईट वाटलं हो."

"माझ्याबद्दल?"

बायको जरा घुटमळली. "म्हणाली, एक बरं झालं, धाकट्यांना नाही पाठवलं. त्यांना धूळ सोसत नाही."

"आणि ती चौकट?"

"चौकट झालीय तयार. तिने त्यात धाकट्यांचा नवा नारिंगी नकाशा बसवलाय. पण तुमचा रस्ता त्यात अगदी मधोमध दिसतो हं!"

रंगरावांना हे कळल्यावर फार लागलं. दादा एकटे उन्हात बसतात हे त्यांना बघवेना. निशाण धरायला दादांच्या जागी मला पाठवा, असा विनंतीअर्ज घेऊन ते मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, रेघोबाची तयारी असेल तर जा. मेंढरंवाल्या बाईची तर केव्हाच तयारी होती. "तो धाकटा बरा होता," ती रेघोबाला रोज ऐकवते. "कोकरू अजून त्याची वाट बघतं."

शेवटची बातमी हाती आली तेव्हा समितीची बैठक पुढे ढकलली गेली होती. रंगराव टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन कुरणात पोचले होते आणि हात पुढे करून म्हणत होते, "दादा, आणा ते निशाण इकडे." आणि रेघोबा निशाण छातीशी घट्ट धरून दगडावर बसला होता. "ही जागा माझी आहे!" तो ओरडत होता. दोघांच्या मागे दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबत होत्या.