पाठमोरी आत्या

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी माझ्या फोटोतली आत्या रुसली आणि सगळ्यांकडे पाठ करून बसली.

फोटो मी तासगावला तिच्या पडवीत काढला होता. बाकावर बसून पावटे सोलणारी आत्या, डावीकडच्या खिडकीतून येणारा उजेड, सगळं कसं झकास जमून आलं होतं. फोटोग्राफीच्या शेवटच्या वर्षाला ‘एका व्यक्तीचं व्यक्तिचित्र’ असा विषय होता आणि त्यावरच माझं पास-नापास ठरणार होतं. आता फ्रेममध्ये नुसती पाठ आणि अंबाडा. पावटेसुद्धा दिसेनात.

आमच्या पोतनीस सरांनी फ्रेम उतरवली, मागून तपासली, परत लावली आणि विचारलं, आत्याला निमंत्रण दिलं होतंस का? म्हटलं, म्हणजे काय, तासगावला जाऊन, कुंकू लावून, हातावर अक्षता ठेवून रीतसर दिलंय. सर म्हणाले, ते झालं घरच्या आत्याचं, फोटोतल्या आत्याला वेगळं दिलंस का? मी जीभ चावली. आत्याचा मान चुकला की काय होतं, हे ज्यांच्या घरात एकदा तरी लग्न झालंय त्यांना सांगायला नको.

मग कॉलेजच्या मावशींकडून कुंकू घेतलं, कँटीनमधून तांदूळ आणले. काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं, फ्रेमच्या कडेवर अक्षता ठेवल्या आणि म्हटलं, आत्या, उद्या प्रदर्शन आहे, यायचं बरं का.

“आलेच आहे की,” आत्या पाठमोरीच म्हणाली. “पण तू माझ्यात बघितलंस काय?”

मी उजेडाचं सांगितलं, रचनेचं सांगितलं, हातावरच्या सुरकुत्यांचं सांगितलं.

“उजेड खिडकीचा. त्यात माझं काय?”

मला रागच आला. तीन वर्षं शिकले ते काय उगीच? पण पास तर व्हायचं होतं. स्टूल ओढलं आणि त्या पाठीकडे बघत बसले. बराच वेळ काहीच दिसेना. मग पदराची गाठ दिसली. काही विसरू नये म्हणून आत्या अशी गाठ मारते, हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण ती गाठ मी कधी बघितलीच नव्हती. मग दिसलं की तिचे खांदे हलताहेत. बया स्वतःशीच हसत होती! मी कॅमेरा काढला की ती गंभीर व्हायची आणि मी त्यालाच चेहरा समजत आले होते. मलाही हसू फुटलं. तेवढ्यात ती वळली. अर्धा चेहरा काळोखात गेला, उजेडाची पार वाट लागली. पण काय गोड दिसत होती म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी घरची आत्या एसटीने आली. फोटोसमोर खूप वेळ उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “अशी मी कुणाला दिसत असेन, असं वाटलं नव्हतं गं.”

फोटोतल्या आत्याने पावट्यांची टोपली बाजूला सारली. “उभी का? ये, बैस.”

घरच्या आत्याने चपला काढल्या आणि आत जाऊन बाकावर बसली. दोघी पावटे सोलायला लागल्या.

पोतनीस सरांचा चेहरा उतरला. विषय एका व्यक्तीचा, आणि परीक्षक तर जेवण उरकून हात धूत होते. सर म्हणाले, तिला पटकन बाहेर बोलव, नाहीतर वर्ष गेलं तुझं. मी फोटोकडे बघितलं. आतोबा गेल्यापासून पावटे सोलताना आत्याशी बोलायला कुणी नव्हतं. आता तिचं तोंड क्षणभर थांबत नव्हतं. तिला हाक मारायला माझी जीभच रेटेना.

परीक्षक आले. त्यांनी विषय वाचला, फोटो बघितला. “इथे दोघी बसल्यात.”

“एकच आहे, सर,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसला. जवळ जाऊन आधी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे, आणि मग बराच वेळ दोघींकडे मिळून. हो, एकच आहे, म्हणाले, आणि मला पास केलं. प्रकाशाचे गुण तेवढे कापले.

संध्याकाळी बाबांना फोन करून सांगितलं की आत्या इथेच मुक्कामाला राहतेय. बाबा म्हणाले, राहू दे की, नाहीतरी बिचारी कुठे जात नाही.