विमानवालीचं काय झालं?

"आज ती तुमची विमानवाली बाहेर काढायची नाही," वसुधाबाईंनी सकाळी आंघोळीच्या आधीच नवऱ्याला दम भरला. "माणसं कुंदाला बघायला येतायत. तिला बघू देत."

अण्णांनी मान डोलावली. पण ही अमेलिया एअरहार्ट सदतीस साली जगप्रदक्षिणेला विमान घेऊन निघाली आणि पॅसिफिकवर गायब झाली, तेव्हापासून तिचं काय झालं याची काळजी अण्णांना पोटच्या मुलीपेक्षा जास्त. यंदा तर त्या गोष्टीला पन्नास वर्षं झालेली. म्हणून तिच्याबद्दलच्या कात्रणांची अण्णांची वही वसुधाबाईंनी स्वतःच लपवली. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत लपवायला जागा सापडली ती कॉटच्या गादीखाली, आणि पाहुणे बसणार होते त्याच कॉटवर.

कुंदाचं हे सातवं स्थळ. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, वय एकतीस, सांगायचं अठ्ठावीस. आधीची सहा मोडली तेव्हा तिला सुटल्यासारखंच वाटलं होतं. हे मात्र जमावं असं मनापासून वाटत होतं, आणि कारण एवढंसं. दारात चपला काढताना मुलाने, नंदकिशोरने, तिच्या उलट्या पडलेल्या चपला सरळ करून ठेवल्या, ते तिने आतून पाहिलं होतं. या घरात तिच्यासाठी कुणी कधी तेवढंही केलं नव्हतं.

ती पोहे आणि चहा घेऊन आली तेव्हा मुलाचे वडील, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, बसल्या जागी काय टोचतंय ते उपसत होते. वही निघाली. पहिलं पान उघडताच त्यांचा चेहरा उजळला. "अहो, मीपण कॉलेजपासून हिच्याच मागे आहे."

वसुधाबाईंना वाटलं, जमलंच. दहा मिनिटं दोघे एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होते. मग भाऊ सहज म्हणाले, "शेवटी काय, पेट्रोल संपलं आणि बुडाली बिचारी."

"बुडाली?" अण्णांचा चमचा थांबला. "जपान्यांनी धरली तिला."

"पुरावा?"

"बुडाल्याचा तरी कुठे आहे? तुम्ही बघायला गेला होतात?"

झालं. पोह्यांची बशी म्हणजे बाईला जिथे उतरायचं होतं ते बेट, लिंबाची फोड म्हणजे विमान, कोपऱ्यातलं कपाट म्हणजे जपान. भाऊंनी फोड चहात बुडवून दाखवली, अण्णांनी ती चिमटीत धरून बाहेर काढली. मुलाची आई म्हणाली, दुसऱ्याच कुठल्या बेटावर उतरून उपाशी मेली असेल. तिला दोघांनी मिळून गप्प केलं. "आमची कुंदा भरतकामही करते," असं वसुधाबाई दोनदा म्हणाल्या, ते कुणाच्या कानात शिरलं नाही. कुंदा ट्रे घेऊन मधोमध उभी होती.

"जरा सरक गं," भाऊ तिला म्हणाले. "जपानच्या पुढ्यात उभी आहेस."

ती सरकली ती नंदकिशोरजवळ. धीर करून हळूच म्हणाली, "तुम्हांला काय वाटतं, काय झालं असेल तिचं?"

त्याने आधी वडिलांकडे पाहिलं. "बाबा म्हणतात तसंच असणार ना."

त्या चपला तरी याने स्वतःच्या मनाने सरळ केल्या होत्या का, असं कुंदाला वाटून गेलं.

पाचच मिनिटांत भाऊ उठले. "जिथे साधा तर्क चालत नाही, त्या घरची मुलगी आम्हांला करायची नाही." मंडळी जिना उतरून गेली.

मग स्थळ का मोडलं यावर बैठक बसली. वसुधाबाई म्हणाल्या, वहीमुळे. शेजारच्या प्रेमावहिनी येऊन म्हणाल्या, कुंदाच्या रंगामुळे. अण्णा म्हणाले, त्या माणसाला सत्य पचलं नाही. ज्या मुलीचं मोडलं ती तिथेच बसली होती, पण दिवेलागणीपर्यंत तिला कुणी काही विचारलं नाही.

शेवटी अण्णांनी मान वर केली. "कुंदे, तुझं काय मत आहे?"

एकतीस वर्षांत हे पहिल्यांदाच. कुंदा पुढे सरकली. "अण्णा, मला ना, तो मुलगा..."

"मुलाचं नाही गं. बाई बुडाली, की धरली?"

कुंदा उठून बश्या गोळा करायला लागली. "बुडालीही नाही आणि धरलीही नाही. बेट दिसलं होतं तिला. तिथे कोण कोण बसलंय तेही वरून दिसलं. म्हणून उतरली नाही."

"अगं, पण पेट्रोल?"

"ते संपलंच होतं."

अण्णांनी खिशातलं पेन काढलं. मग त्यांनी वहीत चौथी शक्यता लिहून घेतली. कुणी सुचवली ते लिहिलं नाही.