घरचं कोण बघतं?

"तीन महिने लिहू का सहा?" यशराजने पेनाचं टोपण दातांत धरून विचारलं.

मोहनरावांनी फॉर्म स्वतःकडे ओढला. पत्र्याची बादली घ्यायची झाली तरी ते ती तीन ठिकाणी वाजवत, उन्हाकडे धरून भोक दिसतंय का बघत, आणि मग किंमत विचारत. हा तर अमेरिकेचा व्हिसा होता. बारामतीच्या एसटी स्टँडसमोरच्या त्या गाळ्यात यशराज एरवी अष्टविनायकाच्या गाड्या भरायचा. परदेशाचे कागद करायला त्याने दोन वर्षांपूर्वी सुरुवात केली होती आणि आजवर त्याच्या हातून चौघे विमानात बसले होते.

"फरक काय पडतो?" मोहनरावांनी विचारलं.

"व्हिसा एकच, तात्या. फिरायचा. उपचाराचा न्हाय, धंद्याचा न्हाय. फॉर्मात फकस्त किती दिवस राहणार ते लिहायचं. अविराजदादा फोनवर तीन महिने म्हणाले."

"फी कमी-जास्त हाय?"

"तेवढीच."

"तिकीट?"

"तेवढंच."

"मग तीन कशाला? सहा लिव."

शेजारच्या खुर्चीत पदर सावरून बसलेल्या त्यांच्या बायको छबूबाई म्हणाल्या, "सहा म्हैनं? आन् माझ्या मळ्यात काय जनावरं चरायला सोडायची?"

"तू गप बस गं."

"सहा म्हटलं की तिथला साहेब एक विचारणारच," यशराज म्हणाला. "एवढे दिवस घरचं कोण बघतं? ह्याचं उत्तर पक्कं पायजे तात्या. तिथं अडकला की संपलं. म्हणजे कसं, त्यांना बघायचं असतं की..."

तेवढ्यात फोन वाजला. ओझरला त्याची गाडी बंद पडली होती आणि तिच्यातले बेचाळीस भाविक त्याच्या नावाने बोटं मोडत होते. साहेबांना काय बघायचं असतं, ते सांगायचं राहून गेलं.

मोहनरावांचा धाकटा मुलगा अविराज चार वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेला, तो परत आला नव्हता. तिकडे कायम राहायचे त्याचे कागद चालू होते आणि ते होईपर्यंत देश सोडता येत नव्हता. निकिता, त्याची बायको, दर महिन्याला फोटो पाठवी. नातू सात महिन्यांचा झाला होता. थंडीचा प्रदेश असल्याने प्रत्येक फोटोत पोरगं लोकरीत गुंडाळलेलं असे, आणि मोहनरावांनी नातवाचं आतापर्यंत काय पाहिलं असेल तर ते नाक. उरलेला नातू बघायचा तर व्हिसा मिळायला हवा होता.

निमगावला परतताना एसटीत ते त्या एकाच प्रश्नावर विचार करत राहिले. घरचं कोण बघतं? आयुष्यात हा प्रश्न त्यांना अनेकांनी विचारला होता. आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा डॉक्टरांनी, काशीयात्रेला निघाले तेव्हा भावकीने. प्रत्येक वेळी शहाण्या माणसाचं उत्तर एकच असतं: काळजी नको, मागची सगळी व्यवस्था लावून आलोय. मुलाखतीला दोन महिने होते. एवढ्या अवधीत मोहनरावांसारखा माणूस व्यवस्था लावायची म्हटली तर काहीही शिल्लक ठेवत नाही.

पहिल्यांदा त्यांनी जमीन थोरल्या नागेशच्या नावावर केली. साडेपाच एकर. अविराजने फोनवरच होकार दिला होता. तलाठ्याकडे चार खेटे घातले आणि फेरफार मंजूर करून घेतला. नागेश म्हणाला, "तात्या, एवढी घाई कशाला? सहा म्हैन्यात तर येणार तुमी."

"साहेबानं विचारल्यावर नड नको."

मग विकास सोसायटीच्या संचालकपदाचा राजीनामा. मग दोन म्हशी. मग त्यांची स्वतःची खोली. ती रिकामी राहणार म्हटल्यावर सूनबाई सुकन्याने तिच्यात कांदा भरायचा का, असं भीतभीत विचारलं. "आत्ताच भर," मोहनराव म्हणाले आणि पडवीत झोपू लागले.

अडल्या त्या छबूबाई. पूर्वी कधीतरी विजेचं दुसरं कनेक्शन मिळावं म्हणून वीस गुंठ्यांचा पानमळा मोहनरावांनी बायकोच्या नावावर केला होता. तो नागेशला द्यायच्या कागदावर सही करायला त्या तयार होईनात.

"दोन म्हैन्यासाठी जायचं आन् मळा सोडून द्यायचा व्हय?"

"दोन न्हाय, सहा."

"तुमचं सहा. माझं दोन. होळीच्या आत वेल उतरवाय पायजेत." वर्षभर वर चढलेले पानवेल खाली घेऊन बुंध्याशी मातीत घालायचं ते काम; एका वर्षी चुकलं की मळा बसतो. "आन् शेळी गाभन हाय. कोंबड्यांचं कोण बघंल? सुकन्याला कोंबडी दिसली की शिंका येत्यात."

"तुझ्या कोंबड्यांपायी माझा व्हिसा अडला तर बघ," मोहनराव म्हणाले.

सोसायटीने सत्काराचा कार्यक्रम ठेवला. शाल, श्रीफळ, हार झाले. अध्यक्षांना या कार्यालयात बहुतेक शोकसभेतच बोलायची सवय होती. ते म्हणाले, "मोहनराव आज आपल्यात नाहीत... म्हणजे लवकरच नसतील. त्यांनी लावलेली शिस्त आपण पुढं चालवू, हीच त्यांना खरी..." इथे ते थांबले, पण उशीर झाला होता. मागच्या रांगेतले दोघे-तिघे सवयीने दोन मिनिटांसाठी उठून उभे राहिले. मोहनराव हारातून बघत होते. हार झेंडूचा होता आणि जड होता.

बाहेर बिरूआबा भेटले. एके काळी यांचं घर मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. आता दोन्ही मुलं लोणी देवकरला कारखान्यात होती आणि आबा ज्वारी राखत होते.

"म्हशी इकल्या म्हनं?"

"इकल्या. समदं मोकळं केलं."

आबांनी तंबाखू मळली. "आमी आठ-आठ म्हैनं जायचो, मोहनराव. पर घर कवा मोकळं केलं न्हाय. म्हातारीला मागं ठिवायचो, चार कोकरं ठिवायचो. चूल पेटती पायजे मागं. त्याबगार पाय माघारी वळत न्हाईत."

"ते मेंढरांचं झालं आबा. ह्ये इमान हाय."

"बरं बाबा," आबा म्हणाले आणि तंबाखू तोंडात टाकून विषय बंद केला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मोहनरावांनी यशराजने बांधलेली फाईल उघडली. त्यात साडेपाच एकरांचा त्यांच्या नावाचा सातबारा होता, सोसायटीचा संचालक असल्याचा दाखला होता. दोन्ही कागद आता खोटे झाले होते, आणि सरकारदरबारी खोटा कागद ठेवणं त्यांना पटेना. त्यांनी ते काढले आणि त्या जागी नागेशच्या नावाचा ताजा उतारा आणि राजीनाम्याची नक्कल लावली. छबूबाईंचा वीस गुंठ्यांचा उतारा त्यांनी तसाच राहू दिला, कारण तो खरा होता.

मुंबईला वकिलातीत काचेमागे एक गोरा साहेब होता आणि शेजारी मराठी सांगणाऱ्या बाई. आधीचे दोन-चार प्रश्न सोपे गेले. मग तो प्रश्न आला.

"काका, साहेब विचारतात, एवढे सहा महिने घरचं कोण बघणार?"

मोहनरावांनी पाठ ताठ केली. "मुलगा बघतो. साडेपाच एकर त्येच्या नावावर केली, उतारा फायलीत हाय. सोसायटीचा राजीनामा दिला. म्हशी इकल्या. राह्यची खोली बी मोकळी करून दिली. माझा जीव अडकून पडंल असं मागं काय बी ठिवलं न्हाय."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन नातेवाइकांकडे बघतात, तसं. "काका... हे सगळं सांगू?"

"समदं सांगा. एक बी गाळू नका."

बाईंनी सांगितलं. साहेबाने लिहिता लिहिता वर पाहिलं आणि अगदी मवाळ आवाजात काहीतरी विचारलं.

"ते विचारतात, मग तुम्ही परत कशासाठी येणार?"

या प्रश्नाची तयारी मोहनरावांनी केली नव्हती. असा प्रश्न असतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. काचेत त्यांना स्वतःचा फेटा दिसत होता. नागेशची जमीन, सोसायटीचा नवा संचालक, खोलीतला कांदा, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. "आता... घरी यायचंच की मानसानं," ते म्हणाले. इंग्रजीत ते आणखीच लहान झालं.

मग छबूबाईंची पाळी आली.

"आजी, तुम्हीही सहा महिने?"

"सहा कशाला गं बाई? मी होळीच्या आत येनार. वेल उतरवायचं हायेत. त्ये काम गड्यावर सोडलं का वेल मोडत्यात. आन् शेळी संक्रांतीला व्याईल, मग ती धारेला दुसऱ्याला हात लावू देत न्हाय, लाथ मारती. साहेबाला म्हनावं, नातवाला मांडीवर घेतलं, चार दिस न्हाऊ-माखू घातलं, का मी सुटले."

बाई सांगत गेल्या तसा साहेब हसू लागला. शेळी कोणत्या रंगाची, असंही त्याने विचारलं.

छबूबाईंचा पासपोर्ट साहेबाने व्हिसा छापायला ठेवून घेतला. मोहनरावांचा लगेच काचेखालून परत आला. त्यात एक छापील चिठ्ठी होती, आणि तिच्यात खेद व्यक्त केला होता.

परतीची एसटी भिगवणला थांबली. मग छबूबाई म्हणाल्या, "मी न्हाय जायची एकली."

"जा. एकानं तरी बघावं त्येला."

"तुमाला सोडून?"

"मला सोडायला आता काय राह्यलंय? जा. त्येचं कान कुनावानी हायेत तेवढं बघ. फोटूत टोपी असती."

छबूबाई डिसेंबरात गेल्या. जाताना त्यांनी काही मोकळं केलं नाही. शेळीला पाला किती, कोंबड्या केव्हा झाकायच्या, मळ्याला पाणी कोणत्या सरीने, हे त्यांनी नवऱ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. "मळ्यात चपला घालून जाऊ नगा," हे एसटीच्या खिडकीतून सांगितलं.

ज्या गावाने त्यांना निरोप दिला होता, त्याच गावात मोहनराव राहू लागले. "तात्या, तुमी अजून हितंच?" असं रोज कोणीतरी दचकून विचारी. सोसायटीत त्यांच्या खुर्चीवर दुसरा बसला होता. उसाला पाणी द्यावं म्हटलं तर नागेश म्हणे, "राहू द्या, मी बघतो." घरचं खरोखरच सगळं नागेश बघत होता. मोहनरावांना बोलावत असे ती फक्त शेळी. तीही पहिले आठ दिवस लाथा मारून.

दर रविवारी सकाळी फोन येई. फेब्रुवारीतल्या एका रविवारी छबूबाई म्हणाल्या, "अवो, कान तुमच्यावानी हायेत."

 मोहनरावांनी नकळत एक कान चाचपला.

"आन् त्यो आता माझ्याबगार जेवत न्हाय. हितं इमानतळावरच्या साहेबानं सहा म्हैन्याचा शिक्का मारलाय, म्या मागितला बी नव्हता. निकिताला रजा न्हाय. तवा म्हनलं जूनपातूर राहावं. वेल तेवढं तुमी उतरवा. मोडू नगा."

होळीच्या आधी मोहनरावांनी वेल उतरवले. अनवाणी, एकट्याने, नऊ दिवस. शेळीला दोन करडं झाली होती आणि ती आता त्यांच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. काम संपल्यावर दहाव्या दिवशी हातपाय धुऊन ते बारामतीला गेले.

यशराजने नवा फॉर्म पुढे घेतला. "तात्या, झालं गेलं सोडा. परत टाकू अर्ज. तीन महिने लिहू?"

"पंधरा दिस लिव."

"पंधरा? तेवढ्यात काय बघणार?"

"नातवाचं कान."

यशराजने लिहिलं. "आता तेवढं एक उत्तर नीट द्या. घरचं कोण बघतं?"

"मीच बघतो की," मोहनराव म्हणाले. "मळा माझ्यावर हाय. शेळी दुसऱ्याला धार काढू देत न्हाय. कोंबड्या झाकायच्या त्या मीच. हिचं समदं माझ्या गळ्यात हाय."

"वा!" यशराजने टेबलावर थाप मारली. "असंच सांगायचं तात्या! हेच तर त्यांना बघायचं असतं, की माणसाला परत यावंच लागंल. आता साहेबाचा बाप व्हिसा देतोय बघा. द्या, सही करा."

मोहनरावांनी पेन घेतलं. टोक कागदाला टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. समोर स्टँडवर निमगाववरून जाणारी इंदापूरची गाडी लागली होती.

"काय झालं?"

"आरं," ते म्हणाले, "पर मी गेल्यावर ह्ये कोण बघंल?"

यशराजने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. त्यासाठी कुठे रकाना नव्हता.

मोहनरावांनी पेनाला टोपण लावलं, फॉर्म घडी घालून खिशात ठेवला आणि गाडी सुटायच्या आत ते रस्ता ओलांडून गेले. धारेची वेळ होत आली होती.