दर्शनी भाग

भूगोलाच्या मास्तरांनी एकतीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली आणि निवृत्त होताच स्वतःचं घर बांधायला घेतलं. आतलं सगळं त्यांनी बायकोवर सोपवलं. मास्तरीणबाईंनी ओटा आपल्या उंचीच्या मापानं करून घेतला, कारण भाड्याच्या ओट्यानं त्यांची कंबर पार कामातून गेली होती. बाहेरच्या बाबतीत मात्र मास्तर हटून बसले. दर्शनी भिंत उघड्या लाल विटांचीच हवी. तिच्यावर संध्याकाळचं ऊन पडलेलं बघायचं, एवढी एकच हौस बिचाऱ्यानं जन्मभर जपली होती.

घोडं अडलं ते बाह्यरूप परवानगी कक्षात. अर्जाच्या सातव्या रकान्यात विचारलं होतं, 'दर्शनी भाग कोणास दर्शनी आहे?' मास्तरांनी लिहिलं, 'मला.' कारकुनानं त्याभोवती लाल गोल काढला.

"तुम्ही राहणार आत. बाहेरचं तुम्हाला दिसणार कसं?"

"अहो, पण घर माझं आहे."

"घर तुमचंच, त्याबद्दल कक्षाचं काही म्हणणं नाही. पण दर्शनी भाग ज्याला दिसतो त्याचा. नियमात त्याला द्रष्टा म्हणतात. साहित्य निवडायचं ते द्रष्ट्यानं."

मास्तरांनी उभ्या हयातीत वाद सोडला नव्हता, पण या तर्कात त्यांना कुठं फट सापडेना.

नव्या घरासमोर एक निवृत्त दंतवैद्य राहत होते. आजवर त्यांना कोणी द्रष्टा म्हटलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी काम फारच मनावर घेतलं. रोज सकाळी येऊन ते चिमुकल्या आरशानं भिंतीच्या सांदीकोपऱ्यांत डोकावू लागले. शेवटी त्यांनी निर्णय दिला, की पांढऱ्या, चकचकीत, एका ओळीत घट्ट बसवलेल्या फरशाच हव्यात. खिडकीशेजारी एखादी सोनेरी चालेल, अशी सवलतही दिली. मास्तरांनी भीत भीत लाल विटेचा नमुना पुढे केला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला.

"मास्तर, या हिरड्या सुजल्यात. हे मी रोज सकाळी उठून बघू शकणार नाही."

मास्तर पुन्हा कक्षात गेले. कारकून मनाचा चांगला होता. त्यानं नियमावली चाळून तोडगा काढून दिला. द्रष्टा नको असेल, तर द्रष्ट्याची जागा आपण घ्यायची. झालं, अकरा महिन्यांचा करार झाला. मास्तरांचं बिऱ्हाड डॉक्टरांच्या घरात आणि डॉक्टर सपत्नीक मास्तरांच्या नव्याकोऱ्या घरात. नव्या द्रष्ट्याचा अर्ज दुसऱ्या दिवशी मंजूर झाला आणि महिन्याभरात विटा चढल्या. त्यांच्यावर पहिलं ऊन पडलं तेव्हा मास्तर डॉक्टरांच्या खिडकीत उभे राहून टाळ्या पिटत होते. इतका आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

अकरा महिने संपले. मास्तरीणबाईंनी हौसेनं डबे बांधले. तेव्हा कारकुनानं सौम्यपणे लक्षात आणून दिलं, की डॉक्टर मूळ जागी परतले की द्रष्टेही तेच, म्हणजे विटा उतरवाव्या लागतील. शिवाय डॉक्टरांनाही सध्या समोर त्यांचं जुनं घर दिसत होतं, म्हणजे त्या घराचे द्रष्टे डॉक्टर. त्यांनी रीतसर अर्ज करून त्याला केव्हाच पांढऱ्या फरशा बसवून घेतल्या होत्या. मास्तर तीन महिने त्या फरशांच्या आत राहत होते. बाहेरची ठोकाठोक शेजाऱ्यांकडे चाललीय, अशी त्यांची समजूत होती.

आता दोघांनाही हवं ते दिसत होतं, मग हलायचं कशाला? करार वाढवून घेतला.

"अहो, पण आपण आपल्या घरात राहायचं कधी?" मास्तरीणबाईंनी विचारलं. समोरच्या स्वयंपाकघरात डॉक्टरांची उंच बायको त्यांच्या मापाच्या ओट्यावर वाकून भाजी चिरत होती, आणि आता तिचीही कंबर धरली होती.

"राहता काय, कुठंही येतं," मास्तर विटांवरची नजर न हलवता म्हणाले. "दिसायला चांगलं पाहिजे."

मास्तरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या डबे सोडायला आत गेल्या.

मास्तरांना हसून झालं असेल, तर आता जागचं न उठता सांगा, तुमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीचा रंग नेमका कोणता? आठवत नसेल तर लाजू नका. समोरच्यांना विचारा. तो तुम्ही त्यांच्यासाठीच तर निवडला होता.