प्लंबरकाकांनी धुराची नळी मोकळी केली

तीस वर्षं लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करणाऱ्या प्लंबरकाकांनी एका सकाळी ठरवलं, आपल्या गाडीची नळी आपणच साफ करायची. गाडी चढ आला की म्हशीसारखी बसायची. मेकॅनिकनं खाली वाकून निदान केलं होतं, "काका, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलाय. बदलावा लागेल."

यातला 'चोंदलाय' एवढाच शब्द काकांनी घरी आणला. (बाकीचे त्यांच्या तोंडात मावेनात.)

"उद्या धुराची तपासणी आहे," काकू म्हणाल्या. "गाडी नापास झाली, तर किल्ली माझ्याकडे. कायमची!"

"अगं, नळीच ती! झोपेत मोकळी करीन."

काकांनी गाडीखालून ते पत्र्याचं डबडं उतरवलं. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक जाळी, काजळीनं बुजलेली. "बघ, केवढा कचरा!" म्हणत त्यांनी सळई घातली, वर हातोडी हाणली. जाळीचा भुगा केरात गेला. नळ सोडला, तर पाणी सुसाट पलीकडे! काकांनी डबड्याला डोळा लावला. पलीकडे काकूंचा डोळा दिसला, वटारलेला.

डबडं परत गाडीखाली बसवलं, आणि खरंच, गाडी चढ तीरासारखी चढली! आवाज एवढा, की गल्लीतली कुत्री आधी पळाली, मग भुंकली.

"दम आलाय तिला," काकांनी मिशीवर ताव दिला.

तपासणीवाल्यानं यंत्र लावलं, आकडा पाहिला, दोनदा खोकला आणि म्हणाला, "नापास."

काका तडक मेकॅनिककडे. पाठोपाठ काकू.

"आतली जाळी कुठंय?" मेकॅनिकनं विचारलं.

"कचरा होता. काढला."

मेकॅनिक टायरवर मटकन बसला. "अहो, जाळी म्हणजेच कन्व्हर्टर! तिच्यावर प्लॅटिनमसारख्या धातूंचा लेप असतो. ती तापली, की तिच्यातून जाणाऱ्या धुरातलं बरंचसं विष मरतं. तुम्ही औषध ओतून बाटली विसळून आणलीत!"

"पण मुळात चोंदली का?" काका हटेनात.

"इंजिनात जास्तीचं ऑइल जळतंय. त्याचीच काजळी. कोण ओततं एवढं ऑइल?"

"हेच! काठोकाठ," काकूंनी परस्पर उत्तर दिलं. "पाण्याची टाकी भरावी तसं. दर रविवारी."

नवा कन्व्हर्टर बसला, गाडी पास झाली. काकूंनी हात पुढे केला. काकांनी त्यावर किल्ली ठेवली. जुनं डबडं काकूंनी पुढच्या सीटवर ठेवलं.

"अगं, मी कुठं बसू?"

"मागे. दोन रिकामी डबडी पुढे मावत नाहीत."